कंत्राटी कामाचा बाजार आणि कौशल्याचे भांडवल

(अभियांत्रिकी पदविका व पदवी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



'मुलगा आय. टी. मध्ये लागला' हे वाक्य गेली पंचवीस-तीस वर्षे महाराष्ट्रातील घराघरांत अभिमानाने उच्चारले जात आहे. ते उच्चारण्यासाठी कित्येक कुटुंबांनी जमिनीचा तुकडा विकला, कोणी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले, कोणी पतपेढीचे उंबरठे झिजविले. हा अभिमान योग्यच आहे. परंतु या वाक्यातील 'लागला' या शब्दाचा अर्थ बदलत चालला आहे, आणि तो बदल नीट समजावून घेण्यासाठीच आपण आज येथे जमलो आहोत.

पूर्वी नोकरी लागणे म्हणजे एका संस्थेचे नियुक्तिपत्र हाती पडणे, त्याच संस्थेत बसणे आणि तिच्याकडूनच वेतन घेणे असे होते. आज हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या इमारतीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचे काम एकच असते. पण त्यांतील एक त्या कंपनीचा कायम कर्मचारी असतो आणि दुसरा एखाद्या मनुष्यबळ पुरवठादाराच्या हजेरीपटावर असतो. काम दोघेही तिसऱ्याच देशातील एखाद्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे करीत असतात. हा दुसरा जो आहे त्याला इंग्रजीत कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडे कंत्राटदार म्हटले की रस्ते व पूल बांधणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र कंत्राट स्वतःच्याच बुद्धीचे आणि वेळेचे असते.

नासकॉम या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात सुमारे ५८ लाख लोक काम करीत होते. एवढ्या मोठ्या समूहात कंत्राटी कामाची पद्धत रुजत असेल, तर ती चांगली की वाईट एवढाच वाद घालून भागणार नाही. तिचे नियम आपल्याला माहीत असले पाहिजेत.

या बाजाराची पूर्वपीठिका

प्रारंभी हे ध्यानात घेऊ की, हा बाजार आपल्याला नवा नाही. किंबहुना भारतीय संगणक-उद्योगाचा जन्मच परक्याचे काम ठरावीक मुदतीत करून देण्यातून झाला, आणि तो महाराष्ट्रात झाला. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९७४ च्या सुमारास या संस्थेने बरोज या अमेरिकन संगणक कंपनीसाठी रुग्णालयाच्या कामकाजाची एक आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर चालेल अशी रूपांतरित करून दिली. विशेष म्हणजे बरोजचे यंत्र हाताशी नसताना मुंबईतील आय. सी. एल. १९०३ या वेगळ्याच संगणकावर हे काम पार पडले. त्याच सुमारास, म्हणजे १९७३ साली, अंधेरीला सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले होते.

त्या काळी दूरसंचाराच्या सोयी अपुऱ्या होत्या, म्हणून कामाऐवजी माणूसच परदेशी पाठवावा लागे. ग्राहकाच्या देशात जाऊन, त्याच्या कार्यालयात बसून काही महिने काम करावयाचे आणि परतावयाचे, अशी ती रीत होती. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेमुळे उपग्रहाद्वारे काम येथूनच पाठविणे सुलभ झाले. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'वाय टू के'चा प्रश्न उभा राहिला. जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रे ते १९०० समजतील अशी भीती होती. या आज्ञावल्या बहुतांशी कोबोल या १९५९ साली जन्मलेल्या भाषेत होत्या. कोबोल जाणणाऱ्याला अचानक सोन्याचे मोल आले. गल्लोगल्ली कोबोलचे वर्ग निघाले आणि हजारो तरुण परदेशी गेले.

आणि मग १ जानेवारी २००० चा दिवस उजाडला व मावळला. जे काम होते ते संपले. त्याच सुमारास अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. ज्यांना केवळ दोनाचे चार आकडे करता येत होते त्यांच्यापैकी अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागले. मात्र कोबोलबरोबर ज्यांनी बँकेचा व्यवहार समजून घेतला होता, खाते कसे चालते, व्याज कसे आकारले जाते, दिवसअखेरीचा ताळमेळ कसा घातला जातो हे ज्यांना उमगले होते, ते टिकले. जगातील अनेक मोठ्या बँकांची जुनी यंत्रणा आजही कोबोलवर चालते आणि तिची जाण असणाऱ्यांना आजही काम मिळते. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे ज्या कौशल्यांची चर्चा करावयाची आहे त्यांना हीच कसोटी लावावी लागेल.

कंत्राटी कामाचे तीन प्रकार

कंत्राटी काम या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांची सरमिसळ केल्यामुळेच पुष्कळांची फसगत होते.

पहिला प्रकार मुदतीच्या नोकरीचा. कंपनी स्वतःच तुम्हांला एक किंवा दोन वर्षांसाठी नेमते. येथे तुम्ही कर्मचारीच असता. फक्त नेमणुकीला अंतिम तारीख असते.

दुसरा प्रकार पुरवठादारामार्फत होणाऱ्या नेमणुकीचा. तुमचे वेतन पुरवठादार देतो, काम मात्र ग्राहक कंपनी सांगते. ग्राहक तुमच्यासाठी दरमहा जी रक्कम मोजतो तीतून पुरवठादार आपला हिस्सा काढून उरलेली तुम्हांला देतो. कधी कधी या साखळीत दोन-तीन मध्यस्थ असतात. ऊसतोडणीचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि फडात उतरणारी कोयत्याची जोडी यांच्यामध्ये पैसा जसा टप्प्याटप्प्याने झिरपतो, तसाच तो येथेही झिरपतो. संगणकावर बसणाऱ्याचे कष्ट आणि फडातल्या माणसाचे कष्ट यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मध्यस्थ जितके अधिक तितका श्रमाचा वाटा कमी, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

तिसरा प्रकार स्वतंत्र व्यावसायिकाचा. येथे तुम्ही कोणाचेही नोकर नसता. वकील किंवा वास्तुविशारद जसे आपले बिल पाठवितात तसे तुम्ही पाठविता. ब्रिटनमध्ये हा प्रकार फार रुळलेला आहे. तेथे अनेक तंत्रज्ञ स्वतःची एक छोटी कंपनी काढून तिच्यामार्फत काम घेतात. नावाला कंत्राटदार पण प्रत्यक्षात नोकर असलेल्यांनी कर चुकवू नये म्हणून तेथील सरकारने २००० साली आय. आर. ३५ या नावाने ओळखले जाणारे नियम केले. काम देणाऱ्या मध्यम व मोठ्या खाजगी कंपन्यांवर २०२१ पासून याची जबाबदारी टाकण्यात आली. 'हा माणूस खरोखर स्वतंत्र आहे की केवळ कागदावर?' हाच त्या नियमांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

हाच प्रश्न अमेरिकेत उलट बाजूने उपस्थित झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीत वर्षानुवर्षे कायम कर्मचाऱ्यांसारखेच काम करणाऱ्या तात्पुरत्या लोकांनी, आपल्याला कर्मचाऱ्यांचे लाभ नाकारले गेले म्हणून दावा लावला. अनेक वर्षांच्या न्यायालयीन झगड्यानंतर २००० च्या डिसेंबरात ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली. तात्पर्य, कागदावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय घडते आहे यांतील अंतर हा जगभरच कळीचा मुद्दा ठरला आहे.

मागणी कशाला आहे आणि का आहे

आता कौशल्यांकडे वळू. वर्तमानपत्रांत दर वर्षी 'सर्वाधिक मागणी असलेली दहा कौशल्ये' अशा याद्या येतात. त्या पाठ करण्याऐवजी मागणी कोणत्या कारणाने निर्माण झाली हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. कारण कळले म्हणजे मागणी किती काळ टिकेल याचाही अंदाज येतो.

पहिले कारण मुदतीचे. जर्मनीतील सॅप या कंपनीच्या आज्ञावलीवर जगातील अनेक मोठ्या कारखान्यांचे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब चालतात. तिच्या जुन्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल २०२७ अखेरपर्यंतच देण्याचे कंपनीने जाहीर केलेले आहे. त्यापुढे जादा पैसे भरून काही काळ मुदतवाढ मिळते. यामुळे असंख्य कंपन्यांना नव्या आवृत्तीकडे जावे लागत आहे. हे काम एकदाच करावयाचे असल्याने त्यासाठी कायम माणसे न घेता कंत्राटी जाणकार घेतले जातात. ही मागणी खरी आहे, पण ती ओसरणार हेही उघड आहे. 'वाय टू के'चा अनुभव येथे आठवावा.

दुसरे कारण कायद्याचे. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यात कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आहे. कायदा जोपर्यंत आहे तोपर्यंत त्याचे पालन करून देणारा माणूस लागणार. म्हणून सायबर सुरक्षा आणि विदा संरक्षण यांची मागणी अधिक काळ टिकणारी आहे. नागरी सहकारी बँकांचे जाळे महाराष्ट्रात विशेष दाट असल्याने हे काम पुण्या-मुंबईपुरते मर्यादित राहत नाही. सांगली, सोलापूर, जळगाव, अकोला येथेही त्याची गरज आहे.

तिसरे कारण उद्योगाच्या स्थानाचे. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. आजच्या मोटारीत डझनावारी छोटे संगणक असतात आणि ते कॅन नावाच्या एका समाईक वाहिनीवरून परस्परांशी बोलतात. ब्रेक किंवा सुकाणूसारख्या भागांच्या आज्ञावलीला आय. एस. ओ. २६२६२ या सुरक्षाविषयक मानकाची कसोटी लागते. यंत्र अभियांत्रिकीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने सी भाषा, कॅन आणि हे मानक यांचा अभ्यास केला, तर आपली मूळ शाखा न सोडताही त्याला या क्षेत्रात प्रवेश मिळतो. सर्वांनीच संकेतस्थळे बनविण्याच्या वर्गाला गर्दी करण्याचे कारण नाही.

चौथे कारण खर्चाचे. स्वतःची यंत्रे विकत घेण्याऐवजी ती भाड्याने वापरण्याची क्लाउड ही पद्धत २००६ नंतर झपाट्याने पसरली. भाड्याचे बिल आटोक्यात ठेवणारा, यंत्रणा अखंड चालू ठेवणारा आणि विदेचा ओघ नीट मार्गी लावणारा माणूस प्रत्येक कंपनीला हवा असतो. येथे लिनक्स, नेटवर्क आणि एस. क्यू. एल. या तीन जुन्या विद्या पायाभूत आहेत. एस. क्यू. एल. चे मूळ १९७० च्या दशकातील आहे, तरीही आज ती अनेक मुलाखतींत विचारली जाते. नवी साधने दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, परंतु पाया क्वचितच बदलतो.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि साध्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम यंत्र काही क्षणांत करू लागले. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. त्या वेळी बदललेल्या कौशल्यांची गरज हेही एक कारण सांगितले गेले. यंत्र आज्ञावली लिहू शकते. परंतु ती बरोबर आहे का हे तपासणे, ग्राहकाला नेमके काय हवे आहे हे समजून घेणे आणि चूक झाल्यास तिची जबाबदारी घेणे ही कामे माणसाकडेच राहतात. म्हणून आज्ञावली वाचण्याची, तपासण्याची आणि तिच्यातील दोष शोधण्याची क्षमता पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे. यंत्राचा साहाय्यक म्हणून उपयोग अवश्य करा. मात्र जे आपल्याला समजलेले नाही ते आपल्या नावाने पुढे पाठवू नका.

एक लाखाचा खरा अर्थ

कंत्राटी कामात दरमहा मिळणारा आकडा मोठा दिसतो. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, एका स्वतंत्र तंत्रज्ञाला दरमहा एक लाख रुपये मिळण्याचे ठरले. वर्षाचे बारा लाख झाले, असे आपण सहज म्हणतो. परंतु एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत वर्षात दोन महिने गेले, तर हाती दहा लाख आले. आजारपण, घरचे लग्नकार्य आणि सणवार यांसाठी कामाचे वीस दिवस गेले, तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. सुमारे ९० हजार वजा झाले. उरले ९ लाख १० हजार. कायम नोकरीत मालक जो भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि आरोग्यविमा देतो, तो आता स्वतःच उभा करावयाचा आहे. संगणक आणि हिशेबतपासनीस यांचा खर्चही स्वतःचाच. यासाठी दीड लाख धरले, तर ७ लाख ६० हजार राहतात. बाराने भागले असता दरमहा सुमारे ६३ हजार होतात. म्हणजे कंत्राटातील एक लाख हे कायम नोकरीतील ६३ हजारांच्या आसपास ठरतात. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण हिशेबाची पद्धत हीच राहील.

याचा अर्थ कंत्राटी काम घेऊ नये असा नाही. अनुभवी माणसाला त्यातून कायम नोकरीपेक्षा पुष्कळ अधिक मिळकत होऊ शकते आणि विविध प्रकारचे काम शिकावयास मिळते. परंतु पहिली मोठी रक्कम हाती येताच मोटारीचा आणि घराचा हप्ता सुरू करणे धोक्याचे आहे. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत कोणताही मोठा हप्ता अंगावर घेऊ नये, असे मी पालकांनाही आग्रहाने सांगेन. मुलाच्या दोन कामांमध्ये रिकामा काळ आला, तर तो नालायक ठरला असे समजू नका. या व्यवसायात तो काळ गृहीतच धरावयाचा असतो.

कागद वाचल्यावाचून सही नको

आता कायद्याचा भाग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांतील काही तरतुदी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळतो. पूर्वी त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे लागत. नोकरी सोडल्यावर किंवा गेल्यावर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावयाचे आहे. हे हक्क कर्मचाऱ्याचे आहेत, स्वतंत्र व्यावसायिकाचे नव्हेत, हे मात्र विसरू नका. म्हणूनच करारपत्रात आपल्याला 'कर्मचारी' म्हटले आहे की 'सल्लागार' याकडे प्रथम पाहावे.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात: काम संपविण्याची पूर्वसूचना किती दिवसांची आहे आणि ती दोन्ही पक्षांना सारखी आहे काय, काम नसलेल्या काळात, म्हणजे ज्याला बेंच म्हणतात त्या काळात, वेतन मिळणार काय, भविष्य निर्वाह निधीची मालकाची वर्गणी सांगितलेल्या वेतनात धरलेली आहे की त्याहून निराळी आहे, आणि ग्राहक कंपनीने कायम नोकरी देऊ केल्यास पुरवठादाराची आडकाठी आहे काय.

बंधपत्राविषयी, म्हणजे बाँडविषयी, बरेच गैरसमज आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही आपला व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या क्षेत्रात कामच करू नये असे कलम लिहून घेतले, तरी ते बजावून घेणे कठीण असते. परंतु ठरावीक काळ सेवा करण्याची हमी ही वेगळी गोष्ट आहे. २०२५ साली सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवेचे आणि मुदतीपूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये भरपाईचे बंधन वैध ठरविले. तेव्हा 'बाँडला काही अर्थ नसतो' असे सांगणाऱ्या मित्रावर विसंबून राहू नका. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही मालकाकडे ठेवून देऊ नका. तपासणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत.

जे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करू इच्छितात त्यांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या अधिनियमाने खरेदीदारावर घातलेले आहे, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ग्राहक देशातील असेल तर हे एक चांगले हत्यार आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर आवश्यक ठरते.

फसवणुकीपासून सावध

जेथे मागणी तेथे भामटे, हा नियम येथेही आहे. पैसे भरून नोकरी मिळत नसते. 'सुरक्षा ठेव', 'प्रशिक्षण शुल्क', 'लॅपटॉपची अनामत' अशी कोणतीही नावे दिली तरी नियुक्तीसाठी पैसे मागणारा माणूस संशयास्पदच समजावा. याहून अधिक दुःखाची गोष्ट म्हणजे खोट्या अनुभवपत्रांचा व्यापार. तीन वर्षांचा बनावट अनुभव दाखवून शिरकाव करून देऊ, असे सांगणारे लोक आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आणि करकपातीची विवरणे यांवरून खरा अनुभव आता सहज पडताळता येतो. खोटेपणा उघडकीस आल्यास नोकरी तर जातेच, शिवाय पुढची दारेही बंद होतात. तुमच्याऐवजी दुसऱ्याने मुलाखत देणे हा तर सरळ गुन्ह्याचा मार्ग आहे.

परदेशातील कामाबाबत विशेष दक्षता हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला होता. थायलंडमध्ये डिजिटल विक्रीची नोकरी असे आमिष दाखवून संगणक जाणणाऱ्या भारतीय तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेण्यात येत होते व तेथे कोंडून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली जात होती. ही मुले मूर्ख नव्हती. त्यांना कामाची निकड होती. परदेशी भरती करणारा दलाल उत्प्रवासन अधिनियम, १९८३ खाली नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

अमेरिकेच्या वाटेविषयीही वस्तुस्थिती ध्यानात घ्या. तेथील एच-१बी व्हिसाची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी अधिक २० हजार अशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. परदेशगमन हेच एकमेव यश मानणाऱ्यांनी आपल्या आराखड्याचा फेरविचार करणे इष्ट होईल.

पहिला अनुभव कोठून आणावा

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न असेल. कंत्राटी काम अनुभवी माणसाला मिळते. मग अनुभव मिळावयाचा कोठे? हा प्रश्न रास्त आहे. तयार माणूस बाजारातून उचलण्याची सवय उद्योगांना लागली आहे, आणि नवशिक्याला घडविण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही अशी अवस्था उद्भवण्याचा धोका आहे. उद्योगांनी हे ओळखावयास हवे की, आज जो शिकाऊ घेतला जाणार नाही तो पाच वर्षांनी जाणकार म्हणून उपलब्धही होणार नाही.

शासनाच्या बाजूने काही मार्ग खुले झालेले आहेत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे आणि पदवी-पदविकाधारकांना त्याखाली विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा तीत बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आय. टी. आय. व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठेवण्यात आले. जागतिक क्षमता केंद्रे, म्हणजे परदेशी कंपन्यांची स्वतःची येथील कार्यालये, राज्यात यावीत म्हणून २०२५ साली स्वतंत्र धोरण स्वीकारण्यात आले. अशी १७०० हून अधिक केंद्रे २०२४ पर्यंत देशात उभी राहिली होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. पुणे व मुंबई ही त्यांच्या प्रमुख ठिकाणांपैकी आहेत. मात्र या केंद्रांतील कामाचा लाभ धाराशिव, हिंगोली आणि गडचिरोलीच्या मुलांपर्यंत पोहोचतो की नाही, यावरच अशा धोरणांचे यश मोजावे लागेल.

तुम्ही स्वतःही पुष्कळ करू शकता. आय. आय. टी. आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने एन. पी. टी. ई. एल. वर विनामूल्य उपलब्ध आहेत. एक-दीड लाख रुपये भरून खाजगी वर्गाला जाण्यापूर्वी ती पाहून घ्या. आपल्या तालुक्यातील पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती किंवा ग्रंथालय यांची एखादी खरी अडचण शोधा आणि ती सोडवून दाखवा. दूध संकलनाच्या नोंदींतील चुका कमी करणारी एक छोटी आज्ञावली जर वर्षभर प्रत्यक्ष वापरात राहिली, तर मुलाखतीत तिच्याविषयी तुम्ही अर्धा तास बोलू शकाल. खुल्या आज्ञावल्यांच्या प्रकल्पांत जगातील कोणीही भर घालू शकतो. तेथे तुमचे गाव कोणी विचारीत नाही, काम तेवढे पाहतात. इंग्रजीची भीती बाळगू नका. साहित्यिक इंग्रजीची येथे गरज नाही. झालेले काम चार सरळ वाक्यांत लिहिता आले पाहिजे, आणि ते सरावाने येते.

मित्रहो, आपल्या गावचा चांगला गवंडी एका मालकाचा नोकर नसतो. एक घर बांधून झाले की तो दुसरीकडे जातो आणि त्याच्या हातच्या भिंती त्याची शिफारस करतात. तो आपली हत्यारे स्वतः सांभाळतो, मजुरी आधी ठरवितो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची तजवीज उन्हाळ्यातच करून ठेवतो. माहिती तंत्रज्ञानातील कंत्राटी कामकऱ्यालाही याहून निराळे काही करावयाचे नाही. पाया पक्का करा, कागद वाचून सही करा, हिशेब बारा महिन्यांचा मांडा आणि खोट्या वाटेला जाऊ नका. एवढे पथ्य पाळणाऱ्याला या बाजारात मंदीचे दिवस जरूर येतील, पण ते दिवस त्याला मोडून टाकू शकणार नाहीत. आपणां सर्वांच्या वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!